खाडा

वडिलांच्या दुधाच्या वहीत
बराक एकशे बेचाळीस : यानीबाई : अच्छेर, रोज.
अक्षर अर्धं मोडी, अर्धं बाळबोध,
ओल्या बोटांनी कडा फुगलेल्या.
वळीवड्याची छावणी, पोलंडची माणसं,
आणि आमच्या दोन म्हशी.

यानीबाई दुधात पाणी घालायची, फार दाट लागतं म्हणून.
याचा वडिलांना शेवटपर्यंत राग.
"आमी घालत न्हाई ते न्हाई,
आन् गिऱ्हाईकच घालतंय!"

मी नववीला इतिहास शिकवला, एकतीस वर्षं.
फळ्यावर याल्टा लिहिलं की
मागच्या बाकावरून हमखास यायचं,
"बाई, हे कितीला?"
दोन मार्कांना, मी म्हणायची.
पुस्तकात फोटो : तीन पुरुष खुर्च्यांवर,
जाडजूड कपडे, एकाच्या बोटांत सिगारेट.
मागे उभ्या असलेल्यांची नावं
परीक्षेत येत नसत.

वहीत त्याच फेब्रुवारीत, तेरा तारखेपासून
यानीबाईच्या नावापुढे
खाडा
खाडा
खाडा
खाडा.
आणि समासात, तिरकं :
"कोण वारलं काय विचारलं. न्हाई म्हणाल्या.
गाव गेलं म्हणाल्या."

वडिलांना वाटलं, पुरात.
पंचगंगेच्या काठच्या माणसाला
दुसरं काय वाटणार?
गाव जातं, आठ दिवसांनी परत येतं,
चिखल उपसला, भिंती धुतल्या, झालं.
"वसरंल की पाणी," त्यांनी तिला सांगितलं.
तिनं काटकी घेतली,
बराकीपुढच्या मातीत एक रेघ ओढली.
रेघेच्या अलीकडे बोट ठेवलं : इथं ती.
पलीकडे : घर, विहीर, एक झाड.
कसलं झाड ते वडिलांना कळलं नाही,
पेरूसारखं काहीतरी.
मग मात्र त्यांच्या ध्यानात आलं.
"असं म्हणा की. बांध कोरला व्हय कुणी?"

आमच्या भाऊबंदकीत दोन हात जमिनीसाठी
माझ्या चुलत्याचं डोकं फुटलं होतं.
तेव्हा बांध म्हणजे काय ते त्यांना
याल्टापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी तिनं शेरभर दूध घेतलं.
का, ते लिहिलेलं नाही.

अठ्ठेचाळीस साली खातं बंद.
"आगगाडीनं गेल्या. बाकी साडेतीन आणे."
पान उलटलं की तीच बराक, तोच नंबर :
पोहूमल, शिकारपूरकर. पावशेर, चहापुरतं.
समासात एवढंच, "ह्यांचं बी."
या वेळी पूर आला का, असं वडिलांनी
विचारलेलं दिसत नाही.

फाळणी पाच मार्कांना होती.
कारणे लिहा, परिणाम लिहा.
परिणामांत मी चार मुद्दे द्यायची,
एकातही म्हैस नव्हती.
वही घरात होती, लोखंडी पेटीत, सगळी वर्षं.
वर्गात नेली नाही.
सिलॅबस राहिला असता,
किंवा पोरं हसली असती,
किंवा हसली नसती. ती भीती जास्त.

वडील थकले तेव्हा एकदा विचारलं,
साडेतीन आणे खोडले का नाहीत?
ते पडल्या पडल्या छताकडे बघत होते.
म्हणाले, "ऱ्हाऊ दे.
पाणी वसरल्यावर येतील की."
थट्टा होती की विसर,
आदगोंडा मगदूम माणूस तसा सरळ नव्हता.

परवा गांधीनगरला गेले होते, उशांचे अभ्रे घ्यायला.
छावणीचंच गांधीनगर झालंय, दुकानाला दुकान लागून.
बराकीचा नंबर कुठं शोधणार?
गल्ल्यावरच्या मुलाला सहज विचारलं,
मूळ गाव कुठलं तुमचं?
"इथलंच की मावशी," म्हणाला,
पक्क्या कोल्हापुरी हेलात,
आणि कापड मोजता मोजता
मीटरपट्टी जरा थांबली त्याची.
"आजोबा काहीतरी सांगायचे.
अभ्रे किती देऊ?"

सहा, म्हटलं.
त्यानं भाव पाडला नाही.